सात आहे, बारा नाही : मुक्त सॉफ्टवेअरच्या नोंदीत कर्त्याची जागा

(नगर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आज मी एका मजकुराची समीक्षा करणार आहे. तो मजकूर म्हणजे कविता नाही, कादंबरी नाही. ती एक फाइल आहे आणि तिचे नाव ‘कॉपीराइट’. तुमच्यापैकी कोणाच्या संगणकावर डेबियन किंवा उबुंटू असेल, तर अशा शेकडो फायली आत्ता तुमच्या यंत्रात आहेत. प्रत्येक पॅकेजमागे एक. मी तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस. संगणकावर टपाल वाचतो, भजने ऐकतो, त्यापलीकडे माझी गती नाही. मग या फायलीच्या वाटेला मी का गेलो, ते आधी सांगतो.

माझा एक जुना विद्यार्थी आहे, नेवासे तालुक्यातला. बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतले होते, पुढे संगणकाकडे वळला, आता पुण्यात नोकरी करतो. दिवाळीत भेटायला आला तेव्हा त्याने मोबाइलवर ही फाइल दाखवली. एका प्रोग्राममध्ये देवनागरी जोडाक्षरे नीट उमटत नव्हती. ‘दुसऱ्या’तला ऱ्य तुटायचा, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसायचा. याने दोन वर्षे खपून ते दुरुस्त केले. फायलीत त्या भागासमोर नाव मात्र त्याच्या कंपनीचे. तो म्हणाला, “सर, कायद्याने हे बरोबर आहे. नोकरीत केलेलं काम, हक्क कंपनीचा. माझी तक्रार नाही. पण मग टोचतंय का?”

मी म्हटलं, “टोचतंय, कारण हा प्रश्न कायद्याच्या आधी व्याकरणाचा आहे.” तो हसला. त्याला वाटले, सर नेहमीप्रमाणे विषय टाळतायत. आजचे व्याख्यान म्हणजे त्याला द्यायचे राहिलेले उत्तर आहे असे समजा.

आधी ही फाइल काय असते ते बघू. डेबियन हा मुक्त सॉफ्टवेअरचा एक मोठा संच. १९९३ साली इयन मर्डॉक या तरुणाने तो सुरू केला आणि डेब्रा व इयन ही दोन नावे जोडून त्याचे नाव ठेवले. या संचातले बहुतेक प्रोग्राम डेबियनच्या लोकांनी लिहिलेले नसतात. जगात कुठेतरी कोणी लिहितो, आणि डेबियनचा स्वयंसेवक ते घेऊन, तपासून, नीट बांधून वापरणाऱ्यापर्यंत पोचवतो. या बांधणाऱ्याला मेंटेनर म्हणतात. बांधताना त्याने एक कागद जोडायचा असतो : हा माल कुठून आणला, त्यावर हक्क कोणाचा, आणि कोणत्या परवान्याखाली तो वाटता येतो. हीच ती कॉपीराइट फाइल. ती चुकली तर नवे पॅकेज परत पाठवतात. हे काम किती बारकाईचे आहे, याचा बाहेरच्यांना अंदाज नसतो. हजारो फायली उघडून प्रत्येकीवरची हक्काची ओळ उतरवून घ्यायची, तीही एका पैशाच्या मोबदल्याशिवाय. माझी टीका त्या माणसांवर नाही, हे सुरुवातीलाच सांगतो.

टीका नमुन्यावर आहे. २०१२ पासून या फायलीचा एक पक्का नमुना ठरलेला आहे. यंत्राला वाचता यावा म्हणून त्यात रकाने पाडले. प्रकल्पाचे नाव, संपर्काचा पत्ता, मूळ माल कुठे मिळाला ते; मग एकेका फाइल-गटासाठी तीन रकाने : फायली, कॉपीराइट, परवाना. त्याआधी जो मोकळा नमुना चालायचा, त्यात ‘मूळ लेखक’ अशी एक ओळ असायची आणि कॉपीराइटची ओळ वेगळी असायची. नव्या नमुन्यात लेखकाचा रकाना नाही. संपर्काचा पत्ता आहे. पण पत्ता म्हणजे ‘अडचण आली तर कोणाला लिहायचे’. ‘कोणी केले’ याचे उत्तर तो देत नाही. नमुना काटेकोर करताना कर्ता रकान्यातून गळाला.

आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट समजावून सांगायला सातबारा पुरतो. सातबारा हा एक उतारा, पण ते गावचे दोन नमुने आहेत. सात नंबरात जमिनीवर हक्क कोणाचा. बारा नंबरात त्या जमिनीत काय पिकले. आणि जुन्या बारा नंबरात एक रकाना होता, ‘जमीन करणाऱ्याचे नाव’. मालक एक आणि करणारा दुसरा असू शकतो, हे महसूल खात्याला माहीत होते. म्हणून दोन जागा. त्या एका रकान्यासाठी कुळांनी काय काय सोसले, पीकपाहणीत नाव लागावे म्हणून तलाठ्याकडे किती खेटे घातले, हे इथल्या जुन्या माणसांना मी काय सांगावे? कॉपीराइटची फाइल मला अशा उताऱ्यासारखी दिसते, ज्यात सात आहे आणि बारा नाही.

दाखल्याची मर्यादाही सांगून ठेवतो. कुळाला नाव लावायचे होते ते पुढे जमीन मिळावी म्हणून. माझ्या विद्यार्थ्याला हक्क नकोच आहे. करणाऱ्याच्या रकान्यात करणाऱ्याचे नाव असावे, इतकेच त्याचे म्हणणे. म्हणजे त्याची मागणी कुळापेक्षा लहान आहे. आणि ती नाकारायला कारणही तितकेच लहान उरते.

आता व्याकरणाकडे येतो. “हे पुस्तक कोणाचे?” असे मी विचारले, तर मराठीत त्याची निदान तीन उत्तरे येतात. एक जण म्हणेल, ज्ञानेश्वरांचे. दुसरा म्हणेल, माझे, कालच आणले. तिसरा प्रकाशकाचे नाव सांगेल. तिघेही बरोबर. ‘चा-ची-चे’ हा प्रत्यय इतका उदार आहे की त्यात नाते कोणतेही मावते. पण “हे पुस्तक कोणी केले?” असे विचारा. आता उत्तर एकच राहते. पाणिनीच्या व्याकरणात हा भेद फार स्वच्छ आहे. तिथे क्रियेशी थेट जोडलेले संबंध, म्हणजे कारके, सहा आहेत, आणि त्यांत कर्ता आहे. षष्ठीचा संबंध, आपला ‘चा’, कारकांत धरलेलाच नाही. कारण ‘चा’ वस्तूचे दुसऱ्या वस्तूशी किंवा माणसाशी नाते सांगतो. काम कसे घडले याबद्दल तो काही सांगत नाही.

याचा तात्त्विक अर्थ असा. मालकी ही चालू काळातली स्थिती आहे. ती विकता येते, दान करता येते, वारशाने जाते, कंपनी बुडाली की लिलावात निघते. कर्तृत्व ही घडून गेलेली घटना आहे. ती खरी असेल किंवा खोटी असेल, पण ती हस्तांतरित होत नाही. मी माझे घर तुम्हाला विकू शकतो. ते घर मी बांधले, हे तुम्हाला विकता येत नाही, मला वाटले तरी.

हे मी पाणिनीवरून सांगितले. पण आपल्याला इतके लांब जायची गरज नाही. इथून नेवासे फार दूर नाही. प्रवरेच्या काठी, पैसाच्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवर टीका सांगितली, शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. परंपरेने चालत आलेल्या पाठात ग्रंथाच्या शेवटी ही नोंद आहे, आणि समीक्षक म्हणून मला ती नोंद अजोड वाटते. वर्ष आहे. स्थळ आहे. त्या वेळी राज्य कोणाचे, तर यादव राजा रामदेवाचे, तेही आहे. टीका कोणी केली ते तृतीयेत आहे, म्हणजे आपल्या ‘ने’च्या विभक्तीत. आणि लिहून कोणी घेतली तेही आहे : सच्चिदानंदबाबा. त्यांच्यासाठी शब्द कोणता वापरलाय, तर ‘लेखक’. आज आपण ज्याला लेखक म्हणतो तो तिथे कर्ता आहे. आणि लेखक म्हणजे ज्याचा हात चालला तो. राजाचे राज्य होते, म्हणून ग्रंथ राजाचा झाला नाही. राजाला त्याच्या जागी ठेवले, बोलणाऱ्याला त्याच्या, लिहिणाऱ्याला त्याच्या.

पुढची गोष्ट तर थेट मेंटेनरची आहे. जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणला एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. त्यांनी काय नोंदवले? ग्रंथ मुळात शुद्धच होता, पाठ बदलत जाऊन त्यात अशुद्धी शिरली, ती शोधून दूर केली. वर्ष दिले, संवत्सर दिला, नाव दिले, आणि तेही ‘ने’च्या विभक्तीत. नावसुद्धा एकट्याचे नाही, गुरू जनार्दनांना जोडून. आजच्या भाषेत सांगायचे तर, मूळ प्रकल्पात दोष नव्हता, खालच्या प्रतींत होता. दुरुस्ती कोणी केली, कधी केली, कोणाच्या परंपरेत केली, सगळे एका जागी. आणि शेवटी परवाना! यात कोणी आपली ओवी घातली, तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवण्यासारखे होईल, असे त्यांनी बजावले. हा परवाना मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना मुळीच चालणार नाही, तो बदल करू देत नाही. पण श्रेय लिहायची रीत मात्र त्यांनी नाथांकडून घ्यावी.

कोणी म्हणेल, सर, हे संतांचे झाले; तेव्हा कॉपीराइट कुठे होता? बरोबर. म्हणून आता आजच्या कायद्याकडे बघू. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात ‘कर्ता’ आणि ‘पहिला मालक’ या दोन वेगळ्या संज्ञा आहेत. कलम १७ सांगते की नोकरीच्या कामात केलेल्या कृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालक-कंपनी. पण ती कर्ता होते असे ते कलम म्हणत नाही. कर्ता माणूसच राहतो. आणि कलम ५७ तर आणखी पुढे जाते. कॉपीराइट पूर्णपणे दुसऱ्याला देऊन टाकल्यावरही, ही कृती माझी आहे असे सांगण्याचा कर्त्याचा हक्क शिल्लक राहतो. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याला जे टोचत होते ते भावनेच्या भरात नव्हते. आपल्या कायद्याने त्याच्यासाठी जागा ठेवलेली आहे. फायलीने ठेवलेली नाही. अमेरिकेचा कायदा इथे वेगळा आहे. तिथे नोकरीत केलेल्या कामात मालकालाच कर्ता मानतात. त्या चौकटीत वाढलेल्या माणसाला दोन रकाने कशाला, असे वाटले तर नवल नाही. पण पॅकेज नगरलाही येते आणि जर्मनीलाही जाते, जिथे कर्त्याचा हक्क मुळात हस्तांतरितच करता येत नाही. एका देशाचे व्याकरण सगळ्यांच्या माथी का?

एक रकाना ठेवला की काय होते, त्याचे उदाहरण देतो. बर्कलेच्या विद्यापीठात युनिक्सच्या ज्या आवृत्त्या तयार झाल्या, त्यांतल्या फायलींवर हक्कदार कोण? कॅलिफोर्निया विद्यापीठाचे रीजंट्स, म्हणजे नियामक मंडळ. त्या मंडळाने प्रोग्रामची एक ओळही लिहिलेली नाही. लिहिणारे विद्यार्थी होते, संशोधक होते. श्रेयाच्या वाक्यात ते ‘विद्यापीठ आणि त्याचे योगदानकर्ते’ यांतल्या दुसऱ्या शब्दात एकत्र कोंबलेले. याच्या उलट बाजूचे उदाहरण फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचे. ग्नू प्रकल्पातल्या कित्येक प्रोग्रामसाठी लिहिणाऱ्यांनी आपला हक्क आपण होऊन संस्थेला लिहून दिला, कोर्टात उभे राहायची वेळ आली तर एकच दावेदार असावा म्हणून. हे दान आहे, आणि चांगल्या हेतूने केलेले दान आहे. पण तिथे संस्थेने प्रोग्रामसोबत लेखकांची वेगळी यादी ठेवायची रीत पाडली. हक्क घेतला, कर्तृत्व घेतले नाही.

आपल्या घरातले उदाहरण अक्षरांचे. मराठी वाचणाऱ्या लाखो लोकांनी विंडोजवर ‘मंगल’ या टंकात वर्षानुवर्षे मजकूर वाचला. हक्क मायक्रोसॉफ्टचा. ती अक्षरे र. कृ. जोशींनी घडवली, हे किती जणांना ठाऊक आहे? मुक्त जगात ‘लोहित’ आहे. त्याचे मूळ टंक पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने दिले, रेड हॅटने ते प्रसिद्ध केले, २०११ साली परवाना बदलून एसआयएलचा ओपन फॉन्ट लायसन्स लावला, आणि हक्काच्या ओळीत ‘लोहित फॉन्ट्स प्रोजेक्टचे योगदानकर्ते’ असा समूह आला. गंमत अशी की त्याच परवान्यात ‘हक्कदार’ आणि ‘कर्ता’ हे दोन शब्द वेगळे वापरले आहेत. कर्ता म्हणजे टंकाला हातभार लावणारा कोणीही, आरेखन करणारा, अभियंता, प्रोग्राम लिहिणारा, माहिती लिहिणारासुद्धा. म्हणजे परवाना लिहिणाऱ्याला भेद कळला होता. तो परवाना ज्या फायलीत चिकटवायचा, तिच्यात मात्र रकाना एकच.

आणि भाषांतरे! मुक्त सॉफ्टवेअर मराठीत आणणाऱ्या मंडळींकडे जी भाषांतराची फाइल असते, तिच्या माथ्यावर ग्नूच्या साधनाने एक साचा छापलेला असतो. त्यात एक ओळ हक्कदारासाठी, आणि खाली वेगळी ओळ ‘पहिला कर्ता’, पत्ता आणि वर्ष यांसाठी. नाव भरायची जागा आहे, आणि कितीतरी वेळा ती तशीच कोरी राहते. साच्यातले ‘पहिला कर्ता’ हेच शब्द जगभर फिरत राहतात. इथे दोष नमुन्याचा नाही, आपला आहे. ग्नोमच्या प्रोग्रामांमध्ये तर भाषांतरकारांच्या श्रेयासाठी एक वेगळे वाक्यच ठेवलेले असते. त्याच्या जागी नावे लिहिली की ती वापरणाऱ्याला माहितीच्या खिडकीत दिसतात. म्हणजे होऊ शकते.

आता विरुद्ध पक्ष. पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय सिद्धांत सांगू नये, असे आमच्या शास्त्रात आहे.

पहिला आक्षेप : या फायलीचे काम श्रेय देण्याचे नाही. परवानगी कोण देऊ शकतो एवढेच सांगायचे, आणि ते हक्कदारच देऊ शकतो. हा आक्षेप मजबूत आहे. फायलीचे नावच कॉपीराइट आहे, तिच्याकडून श्रेयनामावलीची अपेक्षा का? माझे उत्तर असे की पॅकेज उघडणाऱ्या माणसाला माणसांची नावे भेटण्याची ठरलेली जागा बहुधा हीच एक उरली आहे. जिथे फक्त मालकांची नावे दिसतात, तिथे वाचणारा त्यांनाच कर्ते समजतो. एकही ओळ खोटी नसताना कागद दिशाभूल करतो.

दुसरा आक्षेप : श्रेयाचे ओझे होते. हेही खरे. बर्कलेच्या जुन्या परवान्यात अशी अट होती की जाहिरातीत विद्यापीठाचा उल्लेख करावा. मग इतरांनी आपापल्या नावाने तशीच अट घातली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९९७ च्या नेटबीएसडीमध्ये अशी ७५ वाक्ये मोजली. शेवटी १९९९ साली विद्यापीठाने ती अट काढली. पण बारकाईने बघा, ओझे झाले ते सक्तीचे, जाहिरातीत नाव घेण्याच्या अटीचे. नोंद करणे वेगळे आणि जयजयकार करणे वेगळे. बारा नंबरात करणाऱ्याचे नाव लिहिल्याने कुठल्या बाजार समितीत त्याच्या नावाचा पुकारा होत नाही.

तिसरा आक्षेप : इतिहास सगळा गिटमध्ये आहे. २००५ पासूनचे हे साधन मला विद्यार्थ्याने दाखवले आणि मी थक्क झालो. त्यात प्रत्येक बदलामागे दोन नावे असतात : बदल लिहिणारा आणि तो दप्तरात चढवणारा. नेवाशाची नोंदच जणू! पण ही वही कारखान्यात राहते. वापरणाऱ्याच्या हातात जे बांधलेले गाठोडे येते त्यात ती नसते. कारखान्याला जे माहीत आहे ते गाठोड्यावर लिहायला काय हरकत?

चौथा आक्षेप मला मान्य आहे : काहींना नाव नको असते. नको असेल तर लिहू नये. पण नाव न लिहिणे हा कर्त्याचा निर्णय असावा, नमुन्याचा नसावा.

माझा निष्कर्ष लहान आहे. नमुना मोडायची गरज नाही. त्याच नमुन्याच्या नियमांत सांगितले आहे की कुठल्याही परिच्छेदात जास्तीचा रकाना घालता येतो. म्हणजे ‘कर्ते’ असा रकाना घालायला आजही कोणाची परवानगी लागत नाही. सगळ्यांची नावे शक्य नसतील तर मुख्य कर्त्यांची घाला, आणि बाकीची यादी मूळ प्रकल्पात कुठे सापडेल ते लिहा. मेंटेनरचे काम अर्ध्या तासाने वाढेल. तेवढे वाढवावे.

आता एक माझ्याकडची गोष्ट सांगतो आणि थांबतो. माझा पीएच.डी.चा प्रबंध इथे नगरला टंकित झाला. कोर्टासमोर टाइपरायटर घेऊन बसणारे एक गृहस्थ होते. अर्ज, करारनामे टंकित करायचे, रात्री माझी पाने. एका सकाळी मी पाने न्यायला गेलो, तर म्हणाले, “साहेब, चौथ्या प्रकरणात तुम्ही म्हणता कर्ता स्वतंत्र असतो. दुसऱ्यात याच्या उलट लिहिलंय. कोणतं ठेवू?” मी घरी येऊन पाहिले. उलटच लिहिले होते. तीन आठवडे बसून प्रकरण पुन्हा लिहिले. परीक्षकांनी नेमकी त्या प्रकरणाची स्तुती केली.

ऋणनिर्देशात मी काय लिहिले? मार्गदर्शकांची नावे, ग्रंथालयाचे नाव, आणि शेवटी ‘टंकलेखकाचे आभार’. नाव नाही. तेव्हा त्यात काही चुकले असे मला वाटलेही नाही. पैसे दिले होते, प्रबंध माझा होता, हक्क माझा होता. सात नंबर अगदी चोख होता.

हे व्याख्यान तयार करताना त्यांचे नाव घ्यावे असे मनात आले. आडनाव आठवते, पूर्ण नाव काही केल्या आठवत नाही. त्या जागेवर आता झेरॉक्सचे दुकान आहे. तिथे विचारले, कोणाला माहीत नाही. प्रबंधावर हक्क कोणाचा, हे उद्या कोणी विचारले तर कागद काढून दाखवता येईल. ती चूक कोणी पकडली, हे आता माझ्या सांगण्यापलीकडे कुठेही नाही, आणि मलाही ते अर्धेच सांगता येते.

विद्यार्थ्याला मी एवढेच कळवले आहे की मेंटेनरला साधे, नम्र पत्र लिही. हक्काच्या ओळीला हात लावू नकोस, एक ओळ जोडायची विनंती कर. आणि तुझ्याआधी त्या जोडाक्षरांवर ज्यांनी काम केले, त्यांची नावे आधी शोधून त्याच पत्रात दे. त्याने यादी करायला घेतली आहे. दोन नावे अजून सापडायची आहेत.